नियम अकरामधलं ‘किंवा’

६ जानेवारी

ती. आई,

नमस्कार. तीन वर्षांतलं हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींत पत्ता बदलल्याचं तेवढं कळवलं होतं. फोन करणार होते, पण तुम्ही दोन वाक्यांत आटपता आणि वर म्हणता, फोनवर बोललेलं रेकॉर्डला राहत नाही. म्हणून लिहायला बसले.

मी नोकरी सोडली. चौदा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात लोकांच्या नाकांवर चष्मे बसवले, आता स्वतःचं दुकान काढतेय. जागा बंदराच्या मागच्या रस्त्यावर मिळाली. आधी तिथे घड्याळं दुरुस्त करायचे. भिंतीवर घड्याळांच्या गोल खुणा आहेत, दोनदा रंग दिला तरी जात नाहीत. पुढे काउंटर, आत डोळ्यांचा नंबर काढायची खोली, आणि तिच्यामागे काच कापायचं मशीन बसेल एवढी जागा. त्या जागेवर सध्या मीच खुर्ची टाकून बसते, कारण मशीन आलेलं नाही.

म्हणजे देशात आलंय, दुकानात आलेलं नाही. दोन तारखेला बोटीतून उतरलं आणि कस्टमच्या गोदामात जाऊन बसलं. तिथले साहेब म्हणतात, नियम अकरा, पोटकलम क. त्यापुढे काही बोलत नाहीत. तुम्ही चौतीस वर्षं त्याच खात्यात काढलीत म्हणून सहज विचारते, अशा वेळी कोणाला भेटायचं असतं?

तब्येत जपा. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.

तुमची,
सूनबाई


१४ जानेवारी

संदर्भ : तुझे ६ तारखेचे पत्र

चि. सूनबाईस आशीर्वाद.

पत्र मिळाले. तेल आहे.

‘सहज’ विचारलेस ते वाचून हसू आले. नियम अकरा मी लिहिला आहे. मसुदा विभागात अधीक्षक असताना, एकवीस वर्षांपूर्वी. एकेका शब्दावर तीन-तीन आठवडे घालवले. चौतीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या कागदात एक शब्द चुकीचा निघाला नाही, हे खात्यात अजून सांगतात.

तो का लिहिला तेही सांगते, कारण माझ्या लेकाला मी हे कधी सांगितले नाही, तेव्हा तुलाही ठाऊक नसेल. माझे वडील हाताने काचा घासायचे. आमच्या गल्लीत असे सात जण होते. परदेशी कंपनीची झगमगीत दुकाने आली आणि वर्षाच्या आत सातही बंद झाली. वडील त्यानंतर नऊ वर्षे जगले, पण कुठेही जायचे नसताना सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून दारात बसायचे. परदेशी पाटीखाली धंदा करणाऱ्यांसाठी नियम अकरा आहे. स्वतःच्या नावाने दुकान काढणाऱ्याला तो लागूच होत नाही.

म्हणून आता मी तुला दोन गोष्टी विचारते. मशीन कोणाचे? आणि दुकानावर पाटी कोणाची?

आई


२२ जानेवारी

ती. आई,

पाटी कंपनीची. परदेशी. फ्रँचायझी घेतलीय मी. नाव त्यांचं, मशीन त्यांचं, शिकवणारा माणूस त्यांचा. दुकान आणि मेहनत माझी. पहिल्या पत्रात लपवलं, चुकलं. तुम्ही पत्र पुढे वाचणार नाही असं वाटलं होतं.

आता सगळं सांगते. आपल्याकडे चष्म्याच्या काचा आणि मशीनं आणतो कोण? एकच माणूस. मी ज्याच्याकडे नोकरीला होते तो. सगळे त्याला काचशेठ म्हणतात, आणि त्याला ते आवडतं. कोणीही नवं दुकान काढायला निघालं की त्याच्याच दारात जावं लागतं, कारण परदेशी कंपन्या त्यांची पाटी लावल्याशिवाय कोणाला मशीन देत नाहीत. मशीन तो देतो, मग काचाही त्याच्याच घ्यायच्या आणि भाव तो म्हणेल तो. नोकरी सोडताना मी मशीन मागितलं, तर म्हणाला, “बाई, तुम्ही काउंटरवरच शोभता.” त्या संध्याकाळी मी कंपनीचा फॉर्म भरला.

आई, तुम्ही ज्या सात जणांसाठी नियम लिहिलात ते सात जण आता नाहीत. त्या नियमाच्या आडोशाला एकटा काचशेठ बसलाय. पोटकलम क म्हणतं, मशीनची तपासणी सरकारमान्य प्रयोगशाळेत व्हायला हवी. मी प्रयोगशाळेचा पत्ता मागितला. या देशात अशी प्रयोगशाळाच नाही. एकवीस वर्षांत बांधलीच नाही. मग शेठची मशीनं कशी येतात? तोही परदेशी कंपनीचा एजंटच, पण त्याची मशीनं नियमाच्या आधीच्या परवान्यावर येतात, तो त्याच्या वडिलांच्या नावाचा आहे.

मी कुठल्या कंपनीची गुलाम व्हायला निघालेले नाही. मला माझ्या हाताखाली एक मशीन हवंय, एवढंच. माल नव्वद दिवसांत सोडवला नाही तर परत पाठवतात. दोन एप्रिलला मुदत संपते.

रागवा, पण उत्तर द्या.

सूनबाई


२ फेब्रुवारी

संदर्भ : तुझे २२ तारखेचे पत्र

चि. सूनबाईस,

पत्र पूर्ण वाचले. दोनदा.

परदेशी पाटी लावणार असशील तर माझ्याकडून मदतीची अपेक्षा ठेवू नकोस. मी ज्यांच्याविरुद्ध उभी राहिले, त्यांच्यासाठी माझ्याच खात्याच्या पायऱ्या चढू? तुझा त्रास मला कळतो. काचशेठला मी ओळखत नाही, पण तसली माणसे पुष्कळ पाहिली आहेत. तरीही एका दांडगटाला कंटाळून दुसऱ्या मोठ्या दांडगटाचा हात धरायचा, हे मला पटत नाही.

प्रयोगशाळेबद्दल मात्र तुझी काहीतरी गफलत होते आहे. प्रयोगशाळा बांधायला वेळ लागेल हे मला तेव्हाच दिसत होते. म्हणून मी वाक्य असे लिहिले होते : ‘सरकारमान्य प्रयोगशाळेत, किंवा अशी प्रयोगशाळा सुरू होईपर्यंत त्या धंद्यात पंचवीस वर्षे काम केलेल्या कारागिराकडून.’ त्या ‘किंवा’साठी मी वरिष्ठांशी भांडले होते. तुझ्या साहेबांना नियम पुन्हा वाचायला सांग. आजकालचे लोक पहिल्या स्वल्पविरामापर्यंतच वाचतात.

यापुढे या विषयावर मला लिहू नये.

आई

ता. क. काउंटरवरच शोभता, असे तो खरेच म्हणाला?


९ फेब्रुवारी

ती. आई,

लिहू नका म्हणालात, तरी लिहितेय. छापील नियमाचं पान सोबत जोडलंय. भिंग घेऊन वाचा. ‘किंवा’ नाही. ‘प्रयोगशाळेत’ या शब्दापुढे पूर्णविराम आहे.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या जागेवर जाऊन आले. कस्टमच्या शिपायानं पत्ता दिला. बस शेवटच्या थांब्यापर्यंत जाते, पुढे वीस मिनिटं चालायचं. चार बाजूंनी विटांचं कुंपण, लोखंडी दार, दारावर गंजलेली पाटी : नियोजित जागा. आत गवत आणि दोन खांबांना बांधलेल्या दोरीवर कोणाच्या तरी चादरी वाळत घातलेल्या. एक बाई चादरी उलटवत होती. मी विचारलं, “इथे प्रयोगशाळा होणार होती ना?” ती म्हणाली, “मी लग्न होऊन आले तेव्हापासून होणार आहे. आता माझी मुलगी कॉलेजात आहे.”

परत आले तर दुकानापुढे काचशेठची गाडी. स्वतः उतरला, दुकानभर नजर फिरवली, आणि मी मशीनच्या जागी ठेवलेल्या खुर्चीवर जाऊन बसला. म्हणाला, “पुढच्या आठवड्यात तुमचं मशीन सोडवून देतो. पाटी माझी लावा आणि काचा माझ्याकडून घ्या. नाहीतरी परदेशी लोकांच्या नादी कशाला लागता? आपण आपली माणसं.”

मी म्हटलं, “शेठ, उठा. ती जागा मशीनची आहे.”

उठला. जाताना म्हणाला, दोन एप्रिल काही लांब नाही.

तुम्ही मदत करू नका, आई. पण तुम्ही लिहिलेलं वाक्य कोणीतरी अर्धं कापलंय आणि खाली नाव तुमच्या विभागाचं आहे. तेवढं तरी तुम्हाला चालतं का, ते सांगा.

सूनबाई


३ मार्च

चि. सूनबाई,

तीन आठवडे उत्तर दिले नाही. संदर्भ वगैरे आज लिहीत नाही.

तुझे पान वाचले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून राजधानीला गेले. सहा वर्षांनी त्या इमारतीत पाऊल टाकले. दारावरच्या रखवालदाराने ओळखपत्र मागितले. माझ्या वेळचे कोणी उरलेले नाही. जुन्या फायली आता तळघरात आहेत. तिथे जायला अर्ज, अर्जाला टोकन, टोकनाला चार दिवस. मी मैत्रिणीकडे राहून रोज दहाच्या ठोक्याला जाऊन बाकावर बसत होते. तिसऱ्या दिवशी एक कारकून म्हणाला, “आजी, घरी जा, आम्ही कळवू.” मी म्हटले, “‘आम्ही कळवू’ हे वाक्य या इमारतीत मी तुझ्या जन्माआधीपासून वापरत होते. त्याचा अर्थ मला ठाऊक आहे.” पाचव्या दिवशी फाईल मिळाली.

मसुद्यात ‘किंवा’ आहे. माझ्या अक्षरात. मंत्र्यांची मंजुरीही त्यावरच आहे. मग नियम छापायला जाण्याआधी एक शुद्धिपत्रक निघाले, एका ओळीचे : ‘किंवा’पासून पुढचा मजकूर गाळावा. ते कोणी टाईप केले, कोणाच्या सांगण्यावरून, फाईल सांगत नाही. त्याखाली एकच सही आहे.

ती माझी आहे.

मी फाईल मिटली आणि पुन्हा उघडली. आधी वाटले, बनावट असेल. पण माझ्या सहीची शेपटी माझ्याशिवाय कोणाला जमत नाही. मग तारीख पाहिली आणि सगळे आठवले.

तुला ठाऊक आहे, मी मुलासाठी ऑफिस कधी सोडले नाही. शाळेचे समारंभ, आजारपणे, सगळे त्याच्या आजीने निभावले. फक्त एकदा, तो दहा वर्षांचा असताना, शाळेतून फोन आला की ताप चढलाय आणि पोरगा आईच हवी म्हणतोय. दुपारचे अडीच वाजले होते. टेबलावर सह्यांचे कागद होते. खुर्चीतून उठता उठता, पर्स खांद्याला लावून, न वाचता मी एका दमात सगळ्यांवर सह्या केल्या आणि धावले. चौतीस वर्षांत तेवढेच एकदा.

ज्याने कोणी तो कागद त्या गठ्ठ्यात सरकवला त्याला बहुधा वाट पाहावी लागली असेल. माझ्याकडून असा दिवस त्याला दुसरा मिळाला नसता.

एकवीस वर्षे मी मान ताठ करून सांगत फिरले की माझा एक शब्द चुकलेला नाही. तुझे मशीन माझ्यामुळे अडकले आहे. आणखी किती जणांचे अडकले असेल देव जाणे. काय करावे ते आज मला सुचत नाही.

आई


८ मार्च

आई,

तुमचं पत्र काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं आणि मग शटर अर्धं ओढून आत जाऊन बसले.

त्या दुपारची गोष्ट ह्यांनी मला सांगितलीय. एकदा नाही, तीनदा. लग्न ठरलं तेव्हा, मग आपण नव्या घरी राहायला आलो तेव्हा, आणि शेवटी हॉस्पिटलात. म्हणायचे, “आई उजेडात घरी आली होती.” तुम्ही घरी आलात की नेहमी दिवे लागलेले असायचे, म्हणून त्यांना तेच आठवायचं, की खिडकीतून ऊन येत होतं आणि तुम्ही चप्पल न काढताच पलंगावर बसलात. कपाळावर पट्टी ठेवताना तुमच्या बोटांना शाई होती, ती त्यांच्या कपाळाला लागली. ती पुसू देत नव्हते म्हणे. शेवटच्या आठवड्यात मी पट्टी ठेवत होते तेव्हाही हेच बोलले.

तुम्हाला हे सांगायला हवं होतं. पण तेराव्या दिवशी तुम्ही कपाटं आवरायला घेतलीत, मला वाटलं तुम्हाला काहीच झालं नाही, आणि मी रागानं घर सोडलं. तुम्हीही थांब म्हणाला नाहीत.

तेव्हा ही चूक-चूक मला ऐकवू नका. मशीन परत गेलं तरी चालेल, पण ती दुपार तुम्ही कोणापुढे चूक म्हणून मांडलेली मला चालणार नाही. मी दुसरी नोकरी बघेन. उद्यापासून कंपनीला कळवायला घेते.

सूनबाई


१२ मार्च

सूनबाई,

कंपनीला काहीही कळवू नकोस. पेन खाली ठेव.

तुझे पत्र मी देवघरातही नेले नाही आणि फाईललाही लावले नाही. उशीखाली आहे.

थांब म्हणायला हवे होते. ते मला जमले नाही. कपाटे आवरली, कारण हातांना काहीतरी हवे होते.

आता ऐक. मी खात्याकडे सुनावणी मागितली आहे. चोवीस तारीख मिळाली. तू अर्जदार, मी साक्षीदार. ती दुपार मी चूक म्हणून मांडणार नाही, आणि लपवणारही नाही. जसे घडले तसे सांगेन. पुढे माझ्या नावाचे जे व्हायचे ते होवो. या वयात नावाचे मी करणार काय?

चोवीसला साडेनऊला त्या इमारतीच्या पायऱ्यांवर भेट. साडी कुठलीही चालेल, आवाज खणखणीत हवा.

आई


२ एप्रिल

ती. आई,

सुनावणी संपल्यावर तुम्ही तिथूनच गाडीला गेलात आणि मला धड बोलू दिलं नाहीत. तुम्हाला म्हणे रडणारी माणसं स्टेशनवर नको असतात. म्हणून आता बोलते.

मी त्या खोलीतली एकेक गोष्ट आयुष्यभर विसरणार नाही. लांब टेबल, पलीकडे सहसचिव, अलीकडे शेठचा वकील सोनेरी काड्यांचा चष्मा लावून. (काडी डाव्या बाजूनं वाकलेली होती. माझे हात शिवशिवत होते.) तो उठला आणि म्हणाला, “साहेब, या बाई सुनेसाठी खोटं बोलायला आल्या आहेत.” आणि तुम्ही बसल्या जागेवरून म्हणालात, “सुनेसाठीच आलेय. खोटं बोलायचं असतं तर सही माझी नाही, असं म्हणाले असते.” वकील कागद चाळू लागला.

सहसचिव किती हळू बोलले! “मॅडम, मला टिपणी लिहायला तुम्ही शिकवलंत. हे लेखी दिलंत तर तुमच्या सेवापुस्तकात शेरा बसेल. विचार करा.” तुम्ही पिशवीत हात घातलात. “विचार करूनच लिहिलंय. तीन प्रती आहेत.” त्यांनी विचारलं, “न वाचता सही का केलीत?” तुम्ही म्हणालात, “मुलगा तापानं फणफणला होता. पुन्हा तसं झालं तर पुन्हा तसंच उठून जाईन. पण त्या कागदानं जे केलं ते आज मी माझ्या हातानं पुसणार आहे.” मी मान खाली घातली होती, म्हणून तुम्हाला वाटलं असेल मी रडतेय. मी रडतच होते.

आता तुम्हाला न दिसलेला भाग. हुकूम निघाला : मूळ मंजूर मजकूर या प्रकरणापुरता ग्राह्य धरून कारागिराकडून तपासणी करावी. मी थेट उस्तादांकडे गेले. शेठच्या मागच्या खोलीत त्यांनी हयात घालवली, मला काच धरायला त्यांनीच शिकवलं. आता शहात्तर वर्षांचे आहेत. मी पोचायच्या आतच शेठचा निरोप त्यांच्याकडे पोचला होता की जायचं नाही. उस्ताद बूट घालून तयार बसले होते. म्हणाले, “एवढ्या वर्षांत शेठनं माझ्याकडे निरोप पाठवला नव्हता. म्हटलं, काम महत्त्वाचं दिसतंय, जायलाच हवं.”

तीस तारखेला गोदामात खोकं उघडलं. कस्टमचे दोन साहेब, शेठचा माणूस, मी आणि उस्ताद. त्यांनी मशीनभोवती एक चक्कर मारली, जणू कोणाच्या स्थळाची चौकशीच करताहेत. काच लावली, कापून बाहेर काढली, कडेवरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरली, मग पुन्हा अंगठा. शेठचा माणूस म्हणाला, “अंगठ्यानं काय कळतं?” उस्तादांनी ती काच त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “तुम्हाला काहीच नाही.” मग फॉर्म मागवला. धंद्यातली वर्षं : एक्कावन्न. अभिप्राय : ‘मशीन चांगले आहे. माझ्याइतके नाही, पण चांगले आहे.’ साहेब म्हणाले, दुसरं वाक्य खोडा. उस्ताद म्हणाले, मग सहीही खोडतो. राहिलं.

काल मशीन दुकानात आलं. मुदतीच्या एक दिवस आधी.

आणि आता हसाल. काल संध्याकाळीच कंपनीच्या बाईंचा फोन आला : दुकानात फक्त आमच्या यादीतल्या फ्रेम ठेवायच्या. मी म्हटलं, जमणार नाही. इथे नियम अकरा आहे. पोटकलम अ, एक तृतीयांश माल इथल्या कारागिरांचा हवा. बाई म्हणाल्या, “त्यातून सूट मागता येते, आमचे वकील मदत करतील.” मी म्हटलं, “सूट मागणार नाही. नियम माझ्या सासूबाईंनी लिहिलाय आणि तो योग्य आहे. तुमच्या फ्रेम इथल्या नाकांवरून घसरतात, हे मी चौदा वर्षं बघतेय.” तेव्हा त्या म्हणाल्या, तुमच्या कारागिरांचे नमुने पाठवा. दोघी बहिणी आहेत, शेडमध्ये हातानं फ्रेम करतात. दुपारी नमुने गेले.

तुम्ही म्हणाला होतात, एका दांडगटाला सोडून दुसऱ्याचा हात धरतेयस. हात धरलेला नाही, आई. टेबलाच्या दोन बाजूंना बसलोय. उठवायला आले तर त्यांनाही ‘उठा’ म्हणेन.

पंधरा तारखेला दुकान उघडतंय. पाटीवर कंपनीचं नाव असेल, तुम्हाला बघवणार नाही. तरी या.

तुमची,
सूनबाई


१० एप्रिल

संदर्भ : तुझे २ तारखेचे पत्र, आणि खात्याचे माझ्या नावे आलेले ५ तारखेचे पत्र

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

उस्तादांना माझा नमस्कार सांग. त्यांचे ते दुसरे वाक्य मी दिवसातून चारदा मनात म्हणते. माझ्या वडिलांना ते आवडले असते.

आता खात्याचे पत्र. त्यांनी विचारले आहे की, निवृत्त कर्मचाऱ्याने अंतर्गत फाईलची माहिती सुनावणीत उघड केल्याबद्दल पाहुण्या प्रशिक्षकांच्या यादीतून तिचे नाव का काढू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. मी त्याच दिवशी उत्तर दिले. दोन शब्द : नाव काढावे.

आणि त्याच टपालाने दुसरा अर्ज टाकला. हुकुमातले ‘या प्रकरणापुरता’ हे दोन शब्द तू घाईत वाचलेस, मी नाही. याचा अर्थ असा की तुझ्यापुरते दार उघडले आणि पुन्हा लावून घेतले. मी गोदामाच्या नोंदवहीची नक्कल मागवली. याच पोटकलमाखाली अकरा खोकी तिथे पडून आहेत. एकीचे मोजे विणायचे मशीन, एकाचे कृत्रिम दात करायचे, एका नवराबायकोचे चपलांचे तळवे चिकटवायचे. सगळे तुझ्यासारखेच, कुठल्या ना कुठल्या परदेशी पाटीखाली स्वतःचे चार हात-पाय हलवू पाहणारे. प्रत्येकाला कोणीतरी शेठ भेटलेला असणार.

परदेशी कंपन्यांवर माझा विश्वास बसलेला नाही, आणि बसणारही नाही. त्यांच्यासाठी नियम राहिलाच पाहिजे, त्यावर मी तुझ्याशीही भांडेन. पण तो मी लिहिला तसा, ‘किंवा’सकट. पुस्तकात तो शब्द छापून येईपर्यंत मी त्या इमारतीच्या पायऱ्या चढत राहणार. गुडघ्यांना तसे सांगून ठेवले आहे.

चौदाला दुपारच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नकोस, दुकान सोडून फिरायचे दिवस आता गेले. राहण्याचे म्हणशील तर परतीचे तिकीट काढलेले नाही. पाटी बघायची नसेल तेव्हा मी आत बसेन.

दाराजवळ एक टेबल मोकळे ठेव. खुर्ची साधी, हात नसलेली. कागद आणि कार्बन मी आणते आहे. त्या अकरा जणांना निरोप धाड : सोळा तारखेपासून रोज दहा ते पाच आजी अर्ज लिहून देतील. कागदपत्रे मूळ आणावीत, झेरॉक्स चालणार नाही. लिहून झाले की मी प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवीन आणि मगच सही घेईन.

काचशेठ आला तर त्यालाही बसव. त्याचाही अर्ज लिहीन. पण बाराव्या नंबरावर.

तुझी,
आई